आजार लपवला की वाढतो

आपल्या वस्तीतली एखादी मुलगी कबड्डीत नाव काढते. पेपरात फोटो येतो, विहारात सत्कार होतो. सहा महिन्यांनी तीच मुलगी दार लावून झोपून राहू लागली, मैदानावर जाईनाशी झाली, तर आपण काय म्हणतो? 'डोक्यात हवा गेली.' 'कुणाची तरी नजर लागली.' 'बाई, तुला होतंय तरी काय?' असे जवळ बसून विचारणारे माणूस विरळाच.

अमेरिकेतील बास्केटबॉल खेळाडू शमीक्वा होल्ड्सक्लॉ हिची कहाणी म्हणूनच आपण समजून घ्यायला हवी. तिचा जन्म 1977 चा. आईवडिलांना दारूचे व्यसन होते, शिवाय वडिलांना स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार होता. अकरा वर्षांची असताना ती आजीकडे आली. आजी न्यूयॉर्कमध्ये गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या सरकारी चाळवजा इमारतींत राहत होती. तिथल्याच मैदानावर मुलांबरोबर खेळून ही मुलगी तयार झाली.

टेनेसी विद्यापीठाच्या संघाने तिच्या काळात 1996, 1997 आणि 1998 अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 1999 मध्ये व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंची निवड झाली, तेव्हा पहिले नाव तिचे होते. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघातही तिची निवड झाली होती.

2002 मध्ये आजी गेली. जिने वाढवले, तिचा आधार सुटला. 2004 च्या हंगामात शमीक्वा अचानक खेळायची थांबली. सुरुवातीला कारण कुणालाच कळेना. आपल्याला नैराश्याचा आजार आहे, हे तिने नंतर स्वतःच सांगितले. 2006 मध्ये तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ती वाचली. पुन्हा खेळली, पुन्हा थांबली. 2012 साली तिने रागाच्या भरात पूर्वीच्या मैत्रिणीच्या गाडीच्या काचा फोडल्या आणि बंदूकही चालवली. त्यात कुणाला इजा झाली नाही, पण तिला अटक झाली. 2013 मध्ये तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. तिचा आजार 'बायपोलर प्रकार दोन' असल्याचे तिने पुढे उघडपणे सांगितले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणालाही इजा करत नाहीत. एका घटनेवरून सगळ्यांना 'वेडा' ठरवून घाबरणे हा अन्यायच आहे.

हा आजार असतो कसा?

या आजारात उदासीचा काळ लांबतो: झोप बिघडते, भूक मरते, आवडीचे कामही नकोसे होते. मधेच काही दिवस उलटे येतात. माणूस कमी झोपूनही थकत नाही, भराभर बोलतो, मोठमोठे बेत करतो, पैसे उधळतो, क्षुल्लक कारणावरून चिडतो. घरच्यांना वाटते, 'चला, आता बरी झाली!' डॉक्टरांना मग फक्त उदासीच सांगितली जाते आणि निदान अर्धवट राहते. केवळ नैराश्याच्या गोळ्या दिल्याने अशा काही रुग्णांचा त्रास वाढू शकतो. म्हणून 'उतरलेले' आणि 'चढलेले' असे दोन्ही दिवस डॉक्टरांना सांगा.

हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. घरात आधी कुणाला मानसिक आजार झाला असेल तर धोका वाढतो, पण तो होईलच असे नाही. हा कुणाचा शाप नाही आणि गंडेदोरे बांधून तो जात नाही. मन स्थिर ठेवणारी औषधे, नियमित झोप, समुपदेशन आणि घरच्यांची साथ यांनी तो काबूत राहतो. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. लिथियम चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी करून घ्या.

आपण काय करू शकतो?

दोन आठवडे उदासी हटली नाही किंवा वागण्यात एकदम फरक पडला, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. जिल्हा रुग्णालयात ही सेवा मिळते. 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतही. कुणी मरणाची भाषा करत असेल तर 'नाटक करतो' म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला त्यासाठी सहसा शिक्षा होत नाही.

शमीक्वा आज शाळा-कॉलेजांत जाऊन आपल्या आजाराविषयी बोलते. 2018 मध्ये महिला बास्केटबॉलच्या मानाच्या यादीत तिचे नाव कोरले गेले. आजार आहे म्हणून तिचा खेळ पुसला गेला नाही.

आपल्या वस्तीतही अशी एखादी मुलगी, एखादा मुलगा दार लावून बसलेला असेल. आज संध्याकाळी त्या दारावर थाप मारा. सल्ला देऊ नका. आधी ऐका.