ओणमच्या दिवशी एर्नाकुलममध्ये जेवायचं असेल तर

सणाच्या दिवशी परक्या गावात जेवायचं कुठे, हे तिकिटं काढतानाच ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. एरवी प्रवासात भूक लागली की समोर दिसेल त्या हॉटेलात शिरता येतं. सणाला ते जमत नाही. आचारी, वाढपी, गल्ल्यावरचे मालक असे सगळे त्या दिवशी आपापल्या घरी पानावर बसलेले असतात, आणि ते तसंच असायला हवं.

2025 मध्ये तिरुओणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, 5 सप्टेंबरला, शुक्रवारी होता. घरच्या गौरी-गणपतींचं विसर्जन 2 तारखेला झालं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन आम्ही दोघं पुण्याहून कोचीला गेलो. सासूबाई दिवाळीच्या पाडव्याला अजूनही रांगोळीने बळीची आकृती काढून पूजा करतात. वामनाने पाताळात धाडलेला तोच राजा वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला केरळात येतो, हे ऐकल्यापासून त्यांना तो दिवस तिथे जाऊन बघायचा होता. आणि बघायचा म्हणजे जेवायचाही.

ओणमचं जेवण म्हणजे साद्या. केळीच्या पानावर वाढलेले वीस-पंचवीस पदार्थ, आणि तेही दुपारीच. एरवी कोचीतल्या एर्नाकुलमच्या रस्त्यांवर ‘ऊण रेडी’ म्हणजे जेवण तयार असल्याच्या पाट्या दिसतात. तिरुओणमला त्यातल्या कितीतरी खानावळी बंद असतात. उघडी असलेली हॉटेलं दुपारी बहुतेक साद्याच वाढतात, बऱ्याच ठिकाणी कूपनावर. एक पंगत उठली की पान उचलून दुसरी बसते. आदला दिवस उत्राडमचा. त्या दिवशी सगळं शहर भाजी, फुलं, कपडे घ्यायला बाहेर पडलेलं असतं. तेव्हा जेवणाची जागा शोधू लागलात, तर फार उशीर झाला.

फोनवरच्या नकाशातले तारे इथे फारसे उपयोगी नाहीत. ते वर्षभराच्या डोशाला आणि बिर्याणीला मिळालेले असतात, साद्याला नव्हे. सणाच्या वेळाही तिथे बऱ्याचदा बदललेल्या नसतात. म्हणून माणसांना विचारावं, पण ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ असं नको. त्यावर पाहुण्यांना सोयीचं, गार हवेचं हॉटेल सांगितलं जातं. आम्ही उतरणार होतो त्या घरच्या चेचींना, म्हणजे ताईंना, मी पुण्याहूनच फोन करून विचारलं, ‘ओणमला तुमच्या घरी स्वयंपाक होणार नसेल, तर साद्या कुठून आणाल?’ त्यांनी क्षणात दोन ठिकाणं सांगितली. एक, फक्त पार्सल देणारे आचारी. दुसरं, एर्नाकुलमच्या शिवमंदिराकडच्या गल्लीतलं छोटं शाकाहारी हॉटेल. दोन्हीपैकी एकही मला नकाशात वरच्या बाजूला दिसलं नव्हतं.

तिसरा मार्ग मोठ्या हॉटेलांचा. केरळ पर्यटन विकास महामंडळाची हॉटेलं ओणमला साद्या ठेवतात. कोचीत त्यांचं बोळगाट्टी पॅलेस आहे, 1744 मध्ये डच व्यापाऱ्यांनी बेटावर बांधलेलं. जागा देखणी आहे, वयस्कर माणसांना टेबल-खुर्ची मिळते. मोठ्या हॉटेलात पैसे भरण्याआधी एवढंच विचारून घ्यावं, की पानावर वाढणार की आपलं आपण घ्यायचं. साद्या वाढलेलीच जेवावी. तिला क्रम आहे, आणि तो वाढप्याच्या हातात असतो.

आम्ही गल्लीतल्या हॉटेलची पहिली पंगत धरली. पहिल्या पंगतीचा पापड नुकता तळलेला असतो. पानाचं निमुळतं टोक डावीकडे. त्याच बाजूला मीठ, केळ्याचे वेफर्स, गुळात घोळवलेले केळ्याचे तुकडे, लोणची आणि आलं-चिंच-गुळाची दाट इंजिकरी. मग वरच्या कडेने ओलन, कालन, तोरन, लाल भोपळ्याची एरिशेरी, दह्यातली पच्चडी आणि अवियल. आपल्या पानातही डावी-उजवी असतेच, त्यामुळे सासूबाईंना ही शिस्त लगेच आवडली. भात मात्र लालसर, जाड दाण्याचा. त्यावर आधी मुगाचं वरण आणि तूप, पापड चुरून. आम्हा तिघांनाही पहिलं कौतुक तिथेच वाटलं, वरण-तूप-भात परमुलखात भेटल्याचं. पुढे सांबार, मग पायसम.

पायसमबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. अडप्रधमन म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या चकत्यांचे तुकडे, गूळ आणि नारळाचं दूध. ते वाटीत नाही, थेट पानावर ओततात. शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांनी खुणेनेच दाखवलं: छोटं केळं आणि पापड त्यातच कुस्करायचा आणि हाताने ओरपायचं. गोडात खारट पापड ही कल्पना कोणाला विचित्र वाटेल, पण माझ्या मते सगळ्या साद्याचा कळस तोच घास आहे. नंतर रसम आणि ताक येतं, आणि एवढं जेवूनही पोट जड वाटत नाही. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे तृप्त झालो.

पार्सलवाल्या आचाऱ्यांकडेही मी आधीच चौकशी करून ठेवली होती, कारण सासूबाईंचे गुडघे कधी दगा देतील सांगता येत नाही. तिथे केळीचं पानही बांधून देतात. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी पार्सलच सुचवेन. रांग नाही, घाई नाही.

रात्रीसाठी मात्र काही हाताशी असू द्या. छोट्या हॉटेलांची चूल संध्याकाळी पेटेलच असं नाही. आम्ही उत्राडमच्या बाजारातून नेंद्रन केळी आणि दही आणून ठेवलं होतं, आणि दुपारच्या जेवणानंतर तेही पुरेसं झालं. ओणमला मासे-मटण हवंच असेल, तर कोचीऐवजी उत्तरेला कोळिकोड किंवा कण्णूर गाठावं. मलबारात कित्येक घरी साद्याच्या पानावर मासा आणि मटण वाढतात. 2026 मध्ये तिरुओणम 26 ऑगस्टला आहे, गणपतीच्या बरंच आधी, त्यामुळे कोणाला घरचा गणपती सोडून जावं लागणार नाही.