वाळू, चाक आणि मावळती

पुण्याच्या धायरीत आता वाळू दिसत नाही. दिसते ती क्रश सँड, दगड फोडून केलेली, राखाडी आणि हाताला बोचणारी. फाट्यापासून गावठाणापर्यंत अजून शेतं होती आणि मधूनच एखादा बंगला उठत होता, त्या काळात ट्रकनं नदीची वाळू यायची. रात्री ओतलेला ढीग सकाळी आम्हा पोरांच्या ताब्यात. शिंपले वेचायचे, बोगदे खणायचे, आणि चाळण तिरकी लावून वाळू चाळणाऱ्या बायांच्या शिव्या खायच्या. त्या ढिगाची एक खोड होती. वरून कितीही घमेली ओता, ढीग पसरायचा, उंचही व्हायचा. उतार मात्र तसाच राहायचा. पुढे कळलं की कोरडी वाळू साधारण ३२ ते ३४ अंशांपेक्षा जास्त उतारावर उभी राहतच नाही, घसरते. जैसलमेरजवळच्या सम गावी शंभर फुटी धोऱ्यासमोर, म्हणजे वाळूच्या टेकडीसमोर, उभं राहिल्यावर पहिल्यांदा तोच उतार ओळखू आला, आणि माझं वाळूचं वेड कायमचं पक्कं झालं.

ही प्रस्तावना अशासाठी, की या लेखाचा विषय वाळवंटातली क्वाड बाईक आणि सूर्यास्त असा आहे. पण मी त्याकडे वाळूच्या बाजूनं पाहतो. ज्यांना फक्त कॅम्पचे दर हवे आहेत त्यांचा माझ्याकडून फार फायदा होणार नाही.

आमच्या सिंहगड रस्त्यावर डिसेंबर उजाडला की प्रत्येक सोसायटीतून एक तरी गट राजस्थानला निघतो. जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. जैसलमेरहून सम ४० किलोमीटरवर, पश्चिमेला. दुपारी तीनच्या सुमारास निघायचं, कॅम्पवर चहा घ्यायचा, मग उंट, जीप किंवा क्वाड, मग सूर्यास्त, मग कालबेलिया नृत्य आणि मांगणियारांचं गाणं, मग दाल-बाटी. दुबईची डेझर्ट सफारी याच साच्यातली, फक्त जीपच्या जागी लँड क्रूझर. मोरोक्कोत मराकेशजवळच्या अगाफाईलाही हेच विकतात. गंमत म्हणजे तिथे वाळूच नाही, नुसतं दगडमातीचं उजाड माळरान आहे. मे महिन्यात धारेश्वराच्या टेकडीवर उभं राहून नजर टाकली तर जे दिसतं, तेच जरा मोठ्या प्रमाणावर.

जैसलमेरबद्दल थोडक्यात: ११५६ मध्ये रावळ जैसलनं वसवलं, पिवळ्या दगडाचा किल्ला, आत अजून वस्ती, जैन मंदिरं, पटव्यांच्या हवेल्या, गडीसर तलाव, सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ इथलाच. गाईड हे सगळं सांगतोच. आता वाळूकडे वळू.

धोऱ्याला दोन बाजू असतात. वारा जिकडून येतो ती बाजू लांब आणि सौम्य चढाची. वाऱ्यानं आणि उड्या मारणाऱ्या कणांनी ती ठोकून ठोकून घट्ट केलेली असते. माथा ओलांडला की पलीकडची आडोशाची बाजू एकदम तीव्र, माझ्या लहानपणीच्या ढिगाइतकी, आणि भुसभुशीत. कारण तिथले कण वाऱ्यानं दाबलेले नाहीत, नुसते येऊन पडलेले आहेत. पहिल्या बाजूवर माणूस बुटासकट सहज चालतो, दुसरीवर घोट्यापर्यंत रुततो. समला गेलात तर क्वाडवर बसण्याआधी दोन्ही बाजूंनी एकदा पायी चालून पाहा. कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा हे जास्त शिकवतं.

हे सगळं शास्त्र म्हणून मांडलं राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं. हा माझा खास माणूस. नेमणूक इजिप्तमध्ये, तिथे इतर अधिकारी पोलो खेळत असताना हा मित्रांना घेऊन फोर्ड मोटारींतून लिबियाच्या वाळवंटात घुसायचा. उंटवाल्यांनीही टाळलेल्या वाळूच्या समुद्रात त्यानं साध्या मोटारी नेल्या. त्याच्या युक्त्या आजही चालतात. पहिली, टायरमधली हवा कमी करायची. टायर चपटा होतो, जमिनीला जास्त टेकतो आणि वजन पसरतं. दुसरी, रुतलेल्या चाकाखाली लांब पन्हळी पत्रे सरकवायचे. तिसरी, रेडिएटरमधून उकळून जाणारं पाणी वाया न घालवता डब्यात गोळा करून थंड करायचं. १९४० मध्ये याच अनुभवावर त्यानं ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही तुकडी उभी केली, आणि १९४१ मध्ये वाळू आणि धोऱ्यांच्या भौतिकशास्त्रावर त्याचं पुस्तक निघालं. वाळू वाऱ्याबरोबर धुळीसारखी तरंगत जात नाही. एकेक कण उडी मारतो, खाली आपटतो आणि आपटताना दुसऱ्यांना उडवतो, हे त्यानं स्वतः बांधलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून दाखवलं. आज मंगळावरचे धोरे अभ्यासणारेही त्याचं पुस्तक उघडतात.

त्या उड्या समला डोळ्यांनी दिसतात. वारा असेल तर माथ्याजवळ आडवं झोपा आणि गाल वाळूच्या पातळीवर आणा. गुडघ्याखालीच एक थर सरपटताना दिसतो आणि वरची हवा बरीचशी स्वच्छ असते. लोक हसतात, हसू द्यावं. या उड्यांनीच कण घासून गोल आणि गुळगुळीत होतात, म्हणून वाळवंटातली वाळू बांधकामाला फारशी चालत नाही. सिमेंटला धरून ठेवायला खडबडीत कोपरे लागतात. इतकी वाळू दाराशी असून आखाती देश बांधकामासाठी बाहेरून वाळू आणतात ते यामुळे. आमच्या धायरीतल्या एका बांधकाम ठेकेदाराला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मग त्यानं तिकडच्या वाळूचा भाव विचारला.

आता क्वाड. हिचा जन्म खरं तर तीन चाकांचा. होंडानं १९७० मध्ये ‘यूएस ९०’ नावाचं फुग्यासारख्या जाड टायरांचं तीनचाकी वाहन अमेरिकेत आणलं. पुढच्याच वर्षी ते ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या जेम्स बाँडपटात दिसलं. मऊ टायरमुळे ते वाळू, बर्फ, चिखल कुठेही जायचं. पण वळताना उलटायचं. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर कंपन्यांनी तीनचाकी विकणं बंद केलं. तोवर सुझुकीची चारचाकी ‘क्वाडरनर’ १९८२ पासून बाजारात होतीच. चार चाकं आली म्हणून धोका गेला असं मात्र नाही.

पुणेकरानं विशेष जपायला हवं, कारण आपल्याला दुचाकीच्या सवयी असतात. एक, तोल गेल्यासारखं वाटलं की आपण पाय खाली टेकतो. क्वाडवर तसं केलं तर मागचं चाक त्या पायावरून जाऊ शकतं. पाय कायम पायपट्टीवरच हवेत. दोन, स्कूटरची मूठ मनगटानं पिळायची असते. क्वाडला अंगठ्यानं दाबायची एक पट्टी असते, आणि घाबरून मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो. तीन, मागची दोन्ही चाकं बहुधा एकाच ताठ आसावर असतात, त्यामुळे गाडी सरळ जायचा हट्ट धरते. वळताना अंगाचं वजन वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं. चढताना पुढे झुकायचं, उतरताना मागे सरायचं, आणि धोऱ्याच्या उतारावरून आडवं कधीच जायचं नाही. आमच्या गटात सर्वांत चांगली क्वाड चालवली ती सत्तरीच्या एका काकूंनी. त्यांनी आयुष्यात स्कूटर हातात घेतलेली नव्हती, त्यामुळे चालक मुलगा सांगेल ते त्या शब्दशः करत होत्या. रोज धायरी फाट्याच्या गर्दीतून दुचाकी काढणारे आम्ही वीर जागोजाग रुतलेले.

रुतण्याचंही शास्त्र आहे. चाक फिरायला लागलं आणि गाडी हलेना, की पट्टी सोडायची. आणखी दाबली तर चाक स्वतःचाच खड्डा खणतं. क्वाडच्या टायरमध्ये हवा फारच कमी असते, ५ ते ७ पीएसआयच्या आसपास. मोटारीत ती तिसाच्या वर असते आणि वाळूसाठी १५ ते १८ पर्यंत उतरवतात. सर्वांत मोठा धोका माथ्याचा. चढ घट्ट असतो म्हणून माणूस वेगात जातो आणि पलीकडे काय आहे ते दिसत नाही: तीव्र उतार, एखादा उंट किंवा फोटो काढणारं कुटुंब. माथ्याशी वेग कमी करून, थोडं तिरकं येऊन पाहूनच पुढे जायचं. गाडीला लांब काठीवर झेंडा असतो तो शोभेचा नाही. माथ्यापलीकडून तोच आधी दिसतो. हेल्मेट न देणाऱ्या चालकाकडे बसू नये. आणि पोरांना पुढ्यात बसवून व्हिडिओ काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

वाळूनं कुणाला अडवलं याचं मोठं उदाहरण जैसलमेरहून शंभरावर किलोमीटर दूर लोंगेवालाला आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे सीमा ओलांडून आले. समोर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची २३ पंजाबची तुकडी, शंभर-सव्वाशे जवान. हल्लेखोरांनी वाटेची पुरेशी पाहणी केलेली नव्हती. गाड्या मऊ वाळूत अडकल्या, आणि उजाडताच हवाई दलाच्या हंटर विमानांना उघड्यावर सापडल्या. शौर्याच्या कथा सिनेमानं सांगितल्या, वाळूचा वाटा मात्र फारसा कुणी सांगत नाही. तिथे ठेवलेल्या रणगाड्याच्या पट्ट्यांपाशी मी बराच वेळ घालवला. बरोबरच्यांची सहनशक्ती आधी संपली.

सूर्यास्ताबद्दल एक गणित. सम धायरीच्या सव्वातीन रेखांश पश्चिमेला, म्हणजे तिथे सूर्य तेरा मिनिटं उशिरा मावळायला हवा. पण समचे अक्षांशही जास्त, त्यामुळे हिवाळ्यात तिथला दिवस लहान. दोन्हींची वजावट होऊन डिसेंबरअखेर धायरीत आणि समला सूर्य जवळजवळ एकाच सुमारास, सहाच्या आसपास मावळतो. जूनमध्ये हेच अंतर अर्ध्या तासावर जातं. क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत डिसेंबरात समला पावणेतीन मिनिटं लागतात, आपल्याकडे अडीच. तिथे तो जरा जास्त तिरका उतरतो. बुडता सूर्य चपटा दिसतो, कारण हवेतून वाकणारा प्रकाश खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलून दाखवतो. आणि धुळीनं रंग खुलतात हा समज अर्धाच खरा. जाड धूळ रंग मारते. वादळानंतरच्या धुळकट संध्याकाळी सूर्य क्षितिजाला पोचण्याआधीच फिका होऊन दिसेनासा होतो. खुलतं ते कोरड्या, स्वच्छ हवेत. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

माझी तक्रार आहे ती वेळापत्रकाबद्दल. क्वाड आणि सूर्यास्त एकाच तासात कोंबतात, त्यामुळे सहाला सगळ्या धोऱ्यांवर इंजिनांचा गोंगाट आणि पेट्रोलचा वास. क्वाड आधीच उरकावी, पाचला चावी परत द्यावी आणि पायी माथ्यावर जाऊन बसावं. कॅम्पवाले ऐकतात, आधी सांगितलं तर.

दुसरी तक्रार गंभीर आहे. सम आणि खुडीचे धोरे ज्या मुलखात आहेत, तिथेच १९८० साली जाहीर झालेलं ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरुभूमी अभयारण्य आहे, आणि माळढोकाचा उरलासुरला मुख्य आसरा. जगात हे पक्षी दीडशेच्या आत उरलेत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. २०१९ पासून समला त्यांचं प्रजनन केंद्र चालतं. चालक ‘चला, मोकळ्या माळावर फिरवतो’ म्हणाला तर नाही म्हणायचं. हलत्या वाळूवरची खूण वारा पुसतो. गवताळ माळावर, बुडख्यांवर गेलेलं चाक वर्षानुवर्षं दिसत राहतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये आपण माळढोकासाठी अभयारण्य केलं, आणि आता तिथे माळढोक दिसला तर बातमी होते.

वाळूवर चाक फिरवायला राजस्थानच हवं असंही नाही. नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर एटीव्ही, म्हणजे क्वाडच, आहेत, आणि मावळतीही. पण ती वाळू वेगळ्या स्वभावाची. नुकतीच ओली झालेली पट्टी कणांमधल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यानं आवळलेली, रस्त्यासारखी टणक. तिच्या वरची कोरडी वाळू भुसभुशीत. आणि लाटेच्या तोंडाशी वाळू पाण्यानं भरलेली. तिथे उभ्या गाडीखालून प्रत्येक लाट थोडी थोडी जमीन काढून घेते. दर सुट्टीत कुणाची तरी मोटार भरतीत अडकल्याचे व्हिडिओ येतात, ते बहुतेक असे. वेळाससारख्या किनाऱ्यांवर चाक अजिबात नको. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि चाकाच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. नागावला जाणार असाल तर निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहा, ओहोटी लागल्यावरच एटीव्ही घ्या आणि स्वतःची गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा.