बोअरच्या तोंडाशी मिथेन मोजताना

मीटर बसवला, आकडा वहीत लिहिला, की खाणीच्या बोअरमधून किती मिथेन बाहेर पडतो ते कळलं, असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक मीटरना मिथेन ओळखता येत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, अलाबामा इथल्या लाँगवॉल खाणींत कोळसा निघत जातो तसं मागचं छत ढासळतं. त्या ढिगाऱ्यात, म्हणजे गोफमध्ये, साठलेला वायू कामगारांपर्यंत पोचू नये म्हणून जमिनीवरून बोअर घेऊन तो ओढून काढतात. पाइपात ऑरिफिस प्लेट (भोक असलेली चकती) असेल, तर मोजला जातो तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक. त्यावरून प्रवाह काढायला वायूची घनता लागते, आणि मिथेनची घनता हवेच्या जेमतेम 55 टक्के. पाइपात 60 टक्के मिथेन आणि बाकी हवा असताना हिशेबात निव्वळ हवा धरली, तर प्रवाह सुमारे 15 टक्के कमी दिसतो. एकदा नमुना तपासून तेच प्रमाण कायम धरणंही चूकच, कारण गोफमध्ये खाणीतली हवा शिरत जाते तसं मिथेनचं प्रमाण उतरतं. प्रवाह आणि प्रमाण एकाच वेळी मोजायला हवं.

सर्वांत धोकादायक गैरसमज मात्र गॅस डिटेक्टरचा. खाणीत वापरतात तो कॅटॅलिटिक सेन्सर मिथेन जाळून मोजतो आणि 5 टक्क्यांपर्यंतच भरवशाचा असतो. जळायला ऑक्सिजन लागतो. बोअरमधल्या 80 टक्के मिथेनमध्ये तो पुरेसा नसतो, त्यामुळे आकडा झपकन वर जाऊन पुन्हा शून्याजवळ येऊ शकतो. तो शून्य पाहून कुणी निर्धास्त झालं, तर अनर्थ ओढवेल: हाच वायू हवेत मिसळून 5 ते 15 टक्क्यांवर आला की स्फोटक होतो. इथे इन्फ्रारेड किंवा थर्मल कंडक्टिव्हिटीचा सेन्सरच हवा.

‘घनमीटर म्हणजे घनमीटर’ हेही खरं नाही. 2000 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या भागाहून अधिक कमी असतो. तिथल्या एका घनमीटरात वायू तेवढाच विरळ. दाब आणि तापमान न लिहिलेला आकडा दुसऱ्या खाणीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. वेग मोजणारी पिटो ट्यूब पाइपाच्या मधोमध धरून एकच वाचन घेतलं तरीही चूक होते आणि प्रवाह जास्त दिसतो, कारण मध्यभागी वेग सरासरीपेक्षा जास्त असतो.

अमेरिकेत मिथेनचा अहवाल देणं बंधनकारक असलेल्या खाणींना अशा बोअरवर सतत मोजणी किंवा आठवड्याला एक वाचन चालतं. मला आठवड्याचं वाचन अपुरं वाटतं. वादळापूर्वी हवेचा दाब उतरला की गोफमधून जास्त वायू बाहेर येतो, आणि तो दिवस वाचनाचा असेलच असं नाही.