पुढचं डावं चाक

वाईत, पसरणी घाट उतरून आलेल्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गाडी आत येते ती करपट वास घेऊनच. पाचगणीहून आलेले सर काच खाली करून सांगतात, "मिस्त्री, गाडी सारखी डावीकडे ओढतेय. ब्रेकवरचा पाय काढला तरी मोकळी पळत नाही."

मिस्त्री पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेतात आणि लगेच मागे घेतात. उजव्या चाकाची रिम मात्र जेमतेम कोमट लागते. चाक निवल्यावर गाडी जॅकवर चढते, खाली स्टँड लागतात. गॅरेजातला पोरगा दोन-तीनदा ब्रेक दाबून सोडतो. उजवं चाक हाताने गरगर फिरतं, डावं जागचं हलत नाही.

"कॅलिपर जाम झालाय का?" सर विचारतात.

"बघूया. अंदाजाने पार्ट बदलायचा नाही."

बॉडीकडून येणारा लोखंडी पाइप जिथे रबरी होज पाइपला जोडलाय, तिथला नट मिस्त्री किंचित सैल करतात. दोन थेंब ओघळतात. चाक तसंच घट्ट. नट पुन्हा आवळून ते कॅलिपरवरचं निपल उघडतात. काळपट ऑइलची चिळकांडी उडते आणि चाक सुटतं. वर मास्टर सिलिंडरकडे वाट मोकळी आहे, खाली कॅलिपरचा पिस्टनही मागे सरकतोय. दाब अडकलाय तो या दोन टोकांच्या मधल्या वीतभर होज पाइपात. पायाचा जोर ऑइलला त्यातून ढकलून नेतो, पण पाय काढल्यावर ते परत यायला वाट मिळत नाही. म्हणून पॅड डिस्कला घासत राहतात.

आता खोलणं. गंजलेल्या जोडावर आधीच स्प्रे मारून ठेवलाय. मिस्त्री साधा पाना घेत नाहीत. तोंडाशी फट असलेला रिंग पाना नटाला सगळीकडून धरतो, त्यामुळे मऊ नटाचे कोपरे झिजत नाहीत. दुसऱ्या पान्याने होज पाइपचं टोक धरून ठेवतात, नाहीतर लोखंडी पाइपच पिळला जाईल. ब्रॅकेटची क्लिप निघते, कॅलिपरवरचा पोकळ बोल्ट निघतो. मडगार्डवर ऑइलचा थेंब पडतो. पोरगा लगेच पाणी ओतून धुतो, कारण ब्रेक ऑइल रंग खातं.

निघालेला पाइप वरून धडधाकट दिसतो. मिस्त्री करवतीने तो आडवा कापून सरांच्या तळहातावर ठेवतात. बाहेरचं रबर, मध्ये दोऱ्यांची वीण, आत पुन्हा रबर. आतलं रबर इतकं फुगलंय की तीनेक मिलिमीटरच्या भोकात जेमतेम सुई जाईल. मग ते उजव्या चाकाचा पाइप बोटांत वाकवतात. वाकलेल्या जागी त्वचेला पडाव्यात तशा बारीक भेगा उघडतात.

"दोन्ही एकाच वयाचे, सर. जोडीनेच बदलू."

नवा पाइप जुन्याशी लांबीला ताडून बघितला जातो. जोडाला तांब्याचे दोन नवे वायसर लागतात. जुने एकदा दबलेले, ते पुन्हा वापरायचे नाहीत. अंगावरची रेघ सरळ धावतेय ना, म्हणजे पाइपला पीळ पडलेला नाही ना, हे मिस्त्री डोळा लावून पाहतात. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं. पाइप कुठे ताणला जात नाही, टायरला घासत नाही. चाक लोंबकळताना आणि गाडीचं वजन पडल्यावर, दोन्ही वेळा हीच खात्री होते.

मग एअर काढणं. सीलबंद डबा फुटतो. उघडून ठेवलेलं ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर तीच हमी १४० अंशांवर येते. घाटउतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ झाली, तर पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो.

"मार पंप... मार... धर!"

निपल उघडतं, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरतात. "सोड." निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे पोराला ठाऊक आहे. चारही चाकांवर हे होतं आणि दर थोड्या वेळाने वरची टाकी भरली जाते. ती रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरेल. शेवटी पेडल वरच्या वर कडक लागतं. पोरगा ते जोराने दाबून धरतो, मिस्त्री प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवतात. फडकं कोरडंच राहतं. आवारात सावकाश घेतलेल्या चाचणीत गाडी नाकासमोर सरळ थांबते.

काही शे रुपयांचा हा पाइप. अख्ख्या कुटुंबाचा भार पेलून गाडी घाट उतरते ती त्याच्या भरवशावर. सर्व्हिसिंगला आपण एसी विचारतो, मायलेज विचारतो. होज पाइप वाकवून पाहिलेत का, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. आणि गाडी ओढतेय, चाक तापतंय असं वाटलं, तर पाइप वरून कितीही चांगला दिसो, गाडी घाटात घालू नये.

सर पाकीट काढता काढता थांबतात. "मागचे पाइप कधीचे आहेत?"

"गाडीबरोबरचेच."

"मग तेही बघूनच घ्या."

जॅक मागच्या बाजूला सरकतो.