काळ्या मातीचा कस प्रकाशाने मोजताना

‘काळी जमीन म्हणजे कसदार जमीन’ हा समज मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या रुजलेला आहे. मृदाशास्त्र त्याला पूर्ण दुजोरा देत नाही. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीचा गडद रंग तिच्यातील खनिजांशी आणि चिकणकणांना घट्ट धरून असलेल्या अल्प सेंद्रिय अंशाशी निगडित असतो. त्यामुळे दिसायला काळीभोर असलेल्या जमिनीतही सेंद्रिय कर्ब आणि नत्र बेताचेच आढळते. मग डोळ्यांना फसवणारा हा रंग उपकरणाला खरे काय ते सांगू शकेल का?

हा प्रश्न बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्यात महत्त्वाचा ठरतो. बालाघाटच्या रांगेलगतच्या या भागात उतारावर उथळ, मुरमाड, तर सखल भागात खोल, भारी जमीन असते. थोड्या अंतरावर मातीचा पोत बदलतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये जमीन आरोग्य पत्रिका योजना सुरू केली, तेव्हा कोरडवाहू क्षेत्रात दर १० हेक्टरांमागे एक नमुना घेण्याचे ठरले. १० हेक्टर म्हणजे सुमारे २५ एकर. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला मिळालेल्या पत्रिकेतील आकडे शेजारच्या शिवारातील मातीचे असण्याची शक्यता त्यात होतीच. नमुने वाढवायचे, तर प्रत्येक घटकासाठी वेगळी रसायने, वेळ आणि मनुष्यबळ लागते.

परावर्तनाची भाषा

येथेच वर्णपटमापनाची पद्धत उपयोगी पडते. वाळवून चाळलेल्या मातीवर प्रखर प्रकाश टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाची नोंद स्पेक्ट्रोरेडिओमीटरने घ्यायची, हे तिचे सूत्र. साधारण ३५० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात हे मापन होते. त्यातील बहुतांश भाग मानवी डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक घटक ठरावीक ठिकाणी प्रकाश शोषतो: पाण्याची खूण १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास, चिकणमातीच्या खनिजांची २२०० जवळ आणि चुनखडीची सुमारे २३४० जवळ उमटते. सेंद्रिय पदार्थ वाढले, की दृश्य पट्ट्यातील परावर्तन एकंदर घटते. एका नमुन्याला काही सेकंद पुरतात आणि रसायन लागत नाही.

थेट मोजणी नव्हे, अनुमान

मात्र उपकरण ‘नत्र किती’ हे थेट सांगत नाही. आधी शेकडो नमुन्यांचे प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करण करावे लागते. ते आकडे आणि त्याच नमुन्यांचे वर्णपट यांतील संबंध संख्याशास्त्राने शोधला जातो. त्या सूत्रावरून नव्या नमुन्याचे अनुमान निघते. सेंद्रिय कर्ब, चिकणमाती आणि चुनखडी यांबाबत ते बऱ्यापैकी विश्वसनीय ठरते. एकूण नत्र सेंद्रिय कर्बाशी निगडित असल्याने त्याचाही अंदाज बांधता येतो. उपलब्ध स्फुरद आणि पालाश यांची स्वतःची ठळक खूण वर्णपटात नसते. त्यांचे अनुमान इतर गुणधर्मांच्या आडून काढावे लागते आणि ते अनेकदा चुकते. चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद अडकून पडते. म्हणून केवळ या आकड्यांवर खताची मात्रा ठरवणे धोक्याचे आहे. चुकीच्या मात्रेचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतोच. शिवाय वाया गेलेले नत्र भूजलातही उतरते.

दुसरी मर्यादा मातीच्या स्थानिकतेची. परदेशातील तांबड्या मातीवर तयार झालेले सूत्र वडवणीच्या काळ्या मातीला जसेच्या तसे लावता येत नाही. गडद खनिजांमुळे येथील वर्णपट मुळातच खाली दबलेला असतो आणि कर्ब असल्याचा आभास निर्माण होतो. म्हणजे ज्या रंगाने माणूस फसतो, त्याच रंगाने अपुऱ्या नमुन्यांवर घडवलेले गणितही फसते.

त्यामुळे प्रकाशाची ही पद्धत प्रयोगशाळेला पर्याय नसून तिची पूरक आहे. थोड्या नमुन्यांची काटेकोर रासायनिक तपासणी आणि उरलेल्या बहुसंख्य नमुन्यांचे जलद वर्णपटमापन, अशी सांगड घातली, तर कर्ब आणि चुनखडी यांचा गटवार नकाशा तयार होऊ शकतो. उतारावरच्या आणि सखल भागातल्या जमिनीला एकच शिफारस लावण्याची वेळ मग येणार नाही. त्यासाठी मराठवाड्याच्या मातीचा स्वतःचा वर्णपट-संग्रह उभा राहणे, ही पहिली गरज आहे.