अंतराळयानातील आग

तुळजापूरच्या गोंधळातला पोत आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. गोंधळ्याने तो खाली वाकवला तरी ज्योत वरच वळते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, खालून ताजी हवा येते. हाच ज्योतीचा श्वास. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात मात्र वजनच जाणवत नाही, त्यामुळे तापलेली हवा वर चढत नाही. तेथे स्थिर हवेत मेणबत्तीची ज्योत निळसर, गोलसर होते आणि मंद जळते.

मग भय कसले? भय वाऱ्याचे. यानात पंखे सतत चालवावे लागतात, नाहीतर माणसाचा उच्छ्वास त्याच्याच तोंडाभोवती साचेल. तोच वारा आगीलाही मिळतो! आपल्याकडे धूर ओळखणारे यंत्र छताला लावतात. तेथे धूर वर जात नाही, म्हणून ते हवा खेचणाऱ्या मार्गात बसवतात. घंटा होताच आधी पंखे आणि वीज बंद करायची, तोंडावर मुखवटा चढवायचा, मग नळकांडे उचलायचे. आंतरराष्ट्रीय स्थानकावर कार्बन डायऑक्साइडची नळकांडी आहेत. पण आग गुदमरवणारा हा वायू माणसालाही गुदमरवतो, आणि खिडकी उघडण्याची सोय नाही. म्हणून पुढे पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडणारी नळकांडीही आली.

हे शहाणपण स्वस्तात आलेले नाही. 27 जानेवारी 1967 रोजी अमेरिकेत ‘अपोलो’ यानाची जमिनीवरच रंगीत तालीम चालू होती. कोठीत निव्वळ प्राणवायू, दार आत उघडणारे. ठिणगी पडली, दाब वाढला, दार उघडेना. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गेले. त्यानंतर झटकन बाहेर उघडणारे दार आले, काचतंतूंचे कापड आले, आणि जमिनीवर असताना कोठीतील प्राणवायूत नायट्रोजन मिसळू लागले.

एवढे करूनही 23 फेब्रुवारी 1997 रोजी रशियाच्या ‘मीर’ स्थानकावर प्राणवायू निर्माण करणारी कांडीच पेटली. अशा आगीला पंख्याची गरजच नाही. स्थानकावर सहा माणसे. परतीची याने दोन, प्रत्येकात तिघांची जागा, आणि त्यांतले एक आगीच्या पलीकडे. फवारा सोडला की सोडणाराच मागे ढकलला जाई, म्हणून दुसऱ्याने त्याचे पाय धरून ठेवले होते.