मुळशीचे पीक मुळशीच्या मुलांना

आंबेमोहोर तांदळाची थोरवी पुणेकरांस नव्याने सांगावयास नको. सणावारी, श्राद्धपक्षाला आणि लहान मुलाच्या पहिल्या मऊभाताला हाच तांदूळ हवा, असा आग्रह या शहरातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे माहेर म्हणजे मुळशी तालुक्यातील आणि लगतच्या मावळातील भातखाचरे. या तांदळाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु त्याच मुळशीतील शाळांत मधली सुट्टी होऊन मुले पंगतीला बसतात, तेव्हा त्यांच्या ताटात पडणाऱ्या अन्नाचा गावच्या मातीशी संबंध असेलच, अशी कोणतीही हमी आज नाही. तांदूळ येतो तो भारतीय अन्न महामंडळाच्या गुदामातून. डाळी, तेल, मसाला यांचा पुरवठा बहुधा दूर कोठे तरी मंजूर झालेल्या निविदेने ठरतो. शाळेच्या कुंपणापलीकडे नाचणी, वाल आणि पावटा पिकत असतो. पण त्याला कुंपण ओलांडण्याचा अधिकार नाही. हा अधिकार कायद्याने द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सध्याच्या व्यवस्थेतील सर्व काही वाईट आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना आरंभिली, तेव्हा बहुतेक राज्यांत, आणि आपल्याही राज्यात, मुलांना दरमहा कोरडे धान्य घरी नेण्यास दिले जाई. शाळेत शिजविलेले अन्न द्यावे, हे सर्वांना पटत होते. पण जे पटते ते घडतेच असे नाही. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न दिले पाहिजे, असा आदेश दिला. त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या आणि खिचडीचा वास वर्गापर्यंत येऊ लागला. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या भोजनाला हक्काचे रूप दिले आणि प्राथमिक वर्गातील मुलास 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे प्रमाणही ठरवून दिले. या इतिहासाचा बोध उघड आहे. सदिच्छेवर सोडलेली गोष्ट रेंगाळली; बंधनकारक झालेली गोष्ट घडली.

स्थानिक शेतमालाचा प्रश्न आज नेमका त्या पहिल्या अवस्थेत अडकला आहे. 2021 मध्ये 'पीएम पोषण' हे नाव धारण केलेल्या या योजनेत स्थानिक धान्य, भाजीपाला, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गट यांना उत्तेजन द्यावे, असे सांगितलेले आहे. शाळांच्या परसबागांचेही कौतुक होते. परंतु 'उत्तेजन द्यावे' आणि 'खरेदी केलीच पाहिजे' यांत मोठे अंतर आहे. ज्या मुख्याध्यापकाला हिशेबाच्या तपासणीचे भय आहे, तो नियमाने न सांगितलेली गोष्ट आपल्या जबाबदारीवर करावयास धजणार नाही; आणि त्याबद्दल त्याला दोष देणेही न्याय्य नव्हे.

या मागणीने सरकारच्या तिजोरीवर फार मोठा बोजा पडेल, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी थोडा हिशेब करू. ठरलेल्या प्रमाणानुसार प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलामागे दररोज 50 ग्रॅम भाजी आणि 20 ग्रॅम डाळ लागते. शंभर मुलांच्या शाळेला याचा अर्थ पाच किलो भाजी आणि दोन किलो डाळ इतकाच होतो. शिक्षण हक्क कायद्याने या वर्गांसाठी वर्षाला किमान 200 दिवस ठरविले आहेत. म्हणजे वर्षभरात एक टन भाजी आणि चार क्विंटल कडधान्य! ही मागणी एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. पण भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल किंवा हरभरा पेरणाऱ्या दोन-चार कुटुंबांना ती घरबसल्या मिळालेली, खात्रीची बाजारपेठ आहे. पैसा तोच खर्च व्हावयाचा आहे. तो कोणाच्या हाती पडावा, एवढाच प्रश्न आहे.

हा विचार अव्यवहार्य नाही, हे ब्राझीलने दाखवून दिले आहे. त्या देशाने 2009 मध्ये केलेल्या कायद्यान्वये शालेय भोजनासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून थेट खरेदी करण्यासाठी खर्च करणे बंधनकारक झाले, आणि स्थानिक उत्पादकांना अग्रक्रम मिळाला. आपल्याकडे अन्न सुरक्षा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत लहान व सीमान्त शेतकऱ्यांच्या हिताचा उल्लेख आहेच, आणि नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारलाही आहे. उणीव आहे ती इच्छेची.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. आंबेमोहोर महाग असतो; तो रोज शाळेत शिजवा, असे आम्ही म्हणत नाही. केंद्राकडून येणारा तांदूळ विनामूल्य मिळतो. तो खुशाल येऊ द्यावा. आमचे म्हणणे भाजी, कडधान्ये आणि नाचणीपुरते आहे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. वाढत्या हाडांच्या मुलांना डोंगरउतारावरची नाचणी परकी वाटावी, हे आपल्या नियोजनाचे भूषण नव्हे. धो धो पावसाच्या महिन्यांत किंवा उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी होईल, हे खरे. म्हणूनच कायद्याने अट घालावी ती वर्षाच्या एकूण खर्चावर, रोजच्या ताटावर नव्हे.

आमच्या मते या कायद्यात चार गोष्टी असाव्यात. तांदळाखेरीज होणाऱ्या खर्चापैकी ठरावीक हिस्सा, आरंभी चतुर्थांश, त्याच तालुक्यातील लहान शेतकरी व बचत गट यांच्याकडून घेतला जावा. मालाचे पैसे पंधरा दिवसांच्या आत मिळावेत. कारण गरीब शेतकरी उधारीवर शाळा चालवू शकत नाही. प्रत्येक तालुक्याच्या हंगामाप्रमाणे पदार्थांची यादी ठरावी. आणि कोणाकडून, किती, कोणत्या भावाने घेतले, हे शाळेच्या फलकावर लिहिले जावे. खडूने लिहिलेला हिशेब सारे गाव वाचते.

मुळशीच्या बाबतीत या मागणीला आणखी एक अर्थ आहे. मुंबईला वीज पुरविण्यासाठी मुळा-नीला संगमाजवळ टाटांचे धरण झाले, तेव्हा या खोऱ्यातील भातजमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर घेण्यात आल्या. 1921 मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरी शेते पाण्याखाली गेलीच. आज तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीच्या इमारती उभ्या आहेत, आणि खाचरांच्या बांधावर बंगल्यांच्या जाहिरातींचे फलक झळकत आहेत. शेती परवडत नाही म्हणून जमीन विकली जाते, आणि मग आंबेमोहोर कोठे गेला, म्हणून आपण हळहळतो. मुळशीच्या शेतकऱ्याकडून घ्यावे कसे, हे कायद्याला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. त्याच्याकडून रास्त भावाने विकत घेऊन त्याच्याच मुलांच्या पानात वाढावे कसे, हे त्याने आता शिकले पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय विधिमंडळात मांडावा, आणि मुळशीच्या तांदळावर पोसलेल्या या शहराने त्यांच्यामागे आपले बळ उभे करावे.